पारूची दुसरी चिठ्ठी

"बघून घ्या बाई. सरळच हाईत."

आमच्या आत्तींनी सोप्यात दोन्ही पाय लांब केले आणि लुगडं घोट्याच्या वर ओढून धरलं. पुण्याहून आलेल्या बाईंच्या हातात चहाची कपबशी होती. ती त्यांनी खाली ठेवली, चष्मा सारखा केला आणि खरंच वाकून पाहिलं.

"भेगा फार पडल्यात," बाई म्हणाल्या. "कोकमाचं तेल लावता का?"

"लावती की. पर उलटं न्हाईत न्हवं?"

"नाहीत."

"मग तसं लिवा वहीत."

बाईंनी लिहिलं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तशीच परातीत पडली. सून म्हणून वीस वर्षं जी गोष्ट मी पदराखाली झाकत आले, ती सासूनं पहिल्या चहालाच पाहुणीपुढं उघडी केली होती.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, सरूबाई. आमच्या कासारतळीत त्यांना चेटकीण म्हणायचे. तोंडावर नाही. आमच्याकडं चेटकिणीचं नाव तोंडानं घेत नाहीत, घेतलं की ती दारात येते म्हणतात. नुसतं 'ती' म्हणायचं आणि हनुवटी उचलून घराची दिशा दाखवायची. वीस वर्षांपूर्वी आत्ती शेजारच्या पारूच्या घरामागच्या परड्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "पारू, दोडकं काय झोकात आल्यात गं." आठ दिवसांत वेल वाळला. मुळांना हुमणीची अळी लागली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पारूनं हनुवटी उचलली ती उचललीच. तेव्हापासून गावात कुणाच्या हळदीला आत्तींना बोलावणं नाही, कुणाच्या ओटीला नाही. लग्नाची वरात आली की त्या आपणहून दार लावून आत बसायच्या. त्या रडताना मला कधी दिसल्या नाहीत. म्हशीशी मात्र फार बोलायच्या.

बाईंचं नाव चारुशीला गद्रे. गावानं दुसऱ्या दिवशी त्याचं 'चारूबाई' केलं. इतिहासातली आणि साहित्यातली चेटकीण असा त्यांचा अभ्यासाचा विषय होता, आणि त्यावर त्यांना मोठी पदवी मिळायची होती. कुठल्यातरी दप्तरात त्यांना दोनशे वर्षांपूर्वीचा एक मोडी कागद सापडला होता. त्यात आमच्या गावच्या एका बाईवर चेटूक केल्याचा आळ होता. म्हणून त्या आमच्या गावी आल्या. उतरायची सोय कुठं, असं त्यांनी सरपंचांना विचारलं तर सरपंच गालातल्या गालात हसले आणि त्यांना आमच्या दारात आणून सोडलं.

पहिल्याच दुपारी मी त्यांना विचारलं, की बाई, शिकलेल्या माणसानं हे असलं कशाला शोधायचं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हौसाबाई, मी गोष्टी वाचते आणि कागदही वाचते. गोष्टीतल्या चेटकिणीचे पाय उलटे असतात. कागदातल्या चेटकिणीच्या नावावर जमीन असते."

आत्ती मान हलवून म्हणाल्या, "माझ्या नावावर एक म्हस हाय. तेवढ्यावर भागंल का?"

त्या दोघींचं जमलं ते असं. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी माझ्या वनिताला बघायला गडहिंग्लजकडची मंडळी येणार होती. मुलगा एसटीत कंडक्टर होता, घरचं चांगलं होतं, आणि वनितानं त्याला एकदा गाडीत पाहून ठेवलं होतं. म्हणजे तिच्या बाजूनं सगळं ठरल्यातच जमा होतं. पण ती मंडळी पारूच्या चुलत्याकडची. घर कसं, माणसं कशी, हे ते पारूला विचारणार. तिनं तिकडं एकदा हनुवटी उचलली की माझ्या पोरीचं लग्न मोडलं. पारूलाही ते माहीत होतं. रोज ताक मागायला यायची आणि जाता जाता म्हणायची, "वैनी, पाव्हणं इच्यारत हुतं, घरात कोन कोन असतं म्हून." मी तिच्या तांब्यात वाटीभर ताक जास्त ओतायची. आणि आता तर घरात पुस्तक लिहिणारी बाई येऊन बसली होती. तोंडचं बोलणं वारा नेतो. कागदावर पडलं म्हणजे पडलं.

चारूबाई तीन दिवस घरोघर फिरल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "हौसाबाई, तीन दिवसांत मला नुसत्या हनुवट्या मिळाल्या. वहीत हनुवट्या कशा लिहू?"

तेव्हा त्यांनी मला त्यांची खरी शंका सांगितली. जुन्या कागदात पाटील विचारतो, गावात चेटूक कोण करतं, आणि सगळं गाव एकच नाव घेतं. चारूबाईंना वाटत होतं की चारचौघांत विचारलं म्हणून एकच नाव येतं. एकेकीला वेगळं विचारलं तर येईल का? दोनशे वर्षांपूर्वीच्या बायांना आता विचारता येत नाही, आजच्यांना येतं. मग त्यांचे डोळे चमकले. गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालतो ना? बोलायचं नसेल तर लिहा.

तो वर्ग बालवाडीच्या खोलीत दुपारी दोन ते चार भरायचा. एकोणीस बाया होतो, मी धरून. चाळिशी ओलांडल्यावर मी पाटी हातात घेतली होती. दोन महिने झाले होते आणि तपासणीला साहेब येणार होते, म्हणून वर्गावरच्या बाईंनी सगळ्यांना आधी सही शिकवली होती. अंगठा गेला पाहिजे, बाकीचं मागनं. मी जरा पुढं गेले होते, कारण वनिताची जुनी पुस्तकं घरात होती. सकाळी चुलीपुढची राख हातानं सारखी करायची आणि बोटानं अक्षरं काढायची, ही माझी सवय. चुलीच्या पलीकडं आत्ती डोळे मिटून ऊब घेत बसलेल्या असायच्या. चिठ्ठ्यांचा बेत ठरल्यापासून शुक्रवारपर्यंत तीन दिवस मी राखेत तीच तीच अक्षरं घोटत होते.

शुक्रवारी चारूबाई वर्गात आल्या. त्यांनी प्रत्येकीला बोटाएवढी कोऱ्या कागदाची चिठ्ठी दिली. हळू आवाजात समजावलं, की ज्या बाईला गावात 'ती' म्हणतात, तिचं नाव लिहायचं. आपलं नाव सांगायचं नाही, शेजारणीचं बघायचं नाही. पुस्तकात कुणाचंही नाव येणार नाही. लिहिलं की घडी घालून परडीत टाकायचं.

 एकोणीस बाया खाली माना घालून बसल्या. कुणी पेन्सिल जिभेला लावली, कुणी पदरानं कपाळ पुसलं. पारू माझ्यापासून दोन हातांवर होती आणि चिठ्ठीवर पालथा हात धरून लिहीत होती. आत्ती त्या दिवशी मला बोलवायचं निमित्त करून आल्या होत्या आणि बालवाडीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत त्यांचं नाव लिहायचं म्हणजे बघा. मी माझी चिठ्ठी लिहिली, दोन घड्या घातल्या आणि परडीत टाकली.  

दुसऱ्या दिवशी सकाळी चारूबाईंनी आमच्या सोप्यात परडी उपडी केली. एकेक चिठ्ठी उलगडून त्या सारवलेल्या जमिनीवर ओळीनं मांडू लागल्या. आत्ती भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. मी उंबऱ्याशी उभी होते, आणि माझे कान 'सरू' एवढ्या दोन अक्षरांकडं लागले होते.

"बायजा," चारूबाईंनी वाचलं. "गोजरा. आनंदी. कोंडाबाई." त्यांचा आवाज चढत गेला. "हौसाबाई, प्रत्येक चिठ्ठीत वेगळं नाव आहे. म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. एका गावात इतक्या..."

"इतक्या चेटकिणी?" आत्तींनी शेंग फोडली. "आन् मी एकलीच बदनाम?"

मी खाली बसले आणि चिठ्ठ्या बघू लागले. ती अक्षरं मी रोज बघत होते. 'आनंदी'तला अनुस्वार लिंबाएवढा. 'कोंडाबाई' कागदाबाहेर चाललेलं. गोजराच्या 'ज'ला दोन पोटं. मला हसू आवरेना.

"बाई," मी म्हणाले, "ही आमच्या वर्गाची हजेरी हाय."

"म्हणजे?"

"प्रत्येकीनं आपलं नाव लिवलंय. त्यास्नी तेवढं एकच येतंय."

चारूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग चिठ्ठ्यांकडं. मी सांगितलं, की पाहुण्या बाईंच्या हातात कोरा कागद कसा द्यायचा. लाज वाटते. मग येतं ते लिहिलं आणि घडी घातली, कोण उघडून बघतंय.  चारूबाईंनी चष्मा काढला आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की परड्यात म्हैस दावं ओढायला लागली. आत्तींच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. दोनशे वर्षांत, चारूबाई म्हणाल्या, एवढा खरा जबाब कुठल्या गावानं दिला नसेल.

हसता हसता त्यांनी राहिलेल्या चिठ्ठ्या उघडल्या. आणि थांबल्या.

"पारू दोनदा आलंय," त्या म्हणाल्या.

माझं हसू तिथंच सुकलं. कारण दुसरी चिठ्ठी माझी होती.

ते मी ठरवून केलं होतं. मला वाटलं होतं, बाकीच्या साऱ्या आत्तींचं नाव लिहितील. निदान एका चिठ्ठीवर तरी पारूचं असावं. उद्या ती तिकडं काही बोलली, तर मला म्हणता यावं, की तुझंही नाव कागदावर आहे, बघ. नाव दोन अक्षरांचं, घोटायला सोपं. सगळ्या गावात खऱ्या अर्थानं दुसऱ्या बाईकडं बोट दाखवणारी चिठ्ठी एकच निघाली, आणि ती चेटकिणीच्या सुनेची.

चारूबाईंनी वहीतली वर्गाची यादी काढली आणि बोट खाली खाली नेऊ लागल्या. कोणाचं नाव नाही, हे त्यांना आता कळणार होतं. बोट एका जागी थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि नेमकी त्याच वेळी पारू तांब्या घेऊन दारात आली.

"ताक हाय का वैनी?" म्हणत ती आत आली आणि चिठ्ठ्या बघून फतकल मारून बसली. काय चाललंय, का हसताय, तिनं विचारलं. चारूबाईंनी यादी मिटली. पण पारूला आपलं नाव वाचता येत होतं. तेवढंच येत होतं, म्हणून सगळ्यांत आधी तेच दिसलं. तिनं एक चिठ्ठी उचलली. मग दुसरी उचलली. दोन्ही डोळ्यांजवळ नेल्या.

"ही माझी," ती म्हणाली. "आन् ही कुनाची?"

 तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. आपण दुसऱ्यांकडं हनुवटी उचलायची हे ठीक, पण आपल्याकडंही कुणी उचलत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नसावं.

"वैनी, कुनी लिवलं हे?"

 बुधवार चार दिवसांवर होता.

"मी," आत्ती म्हणाल्या.

आम्ही तिघींनीही त्यांच्याकडं पाहिलं. त्या शेंगा गोळा करत होत्या.

"तुमी?" पारू म्हणाली. "तुमास्नी कुठं लिवाय येतंय, काकू?"

"तुझं तेवढं येतंय."

पारू काही साधी नव्हती. चुलीपुढं विझलेला कोळसा पडला होता, तो उचलून तिनं आत्तींच्या पुढं ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. "मग लिवा."

मी डोळे मिटले. आत्तींनी उभ्या जन्मात पेन्सिल धरलेली नव्हती. वर्गात त्या बसल्या त्या उंबऱ्यावर. जमिनीवर कोळसा खरखरल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. मी डोळे उघडले तेव्हा आत्ती जीभ दातांत धरून, भिंत लिंपावी तशा सावकाश रेघा ओढत होत्या. खालून वर. उजवीकडून डावीकडं. मला त्यातलं एकही अक्षर लागेना. झालं, मी म्हटलं, संपलं.

पण समोर बसलेल्या पारूचा चेहरा बदलला.

"पारू," तिनं बोट ठेवत वाचलं. "व्हय की. माझ्याकडं तोंड करून लिवलंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अक्षरं उलटी होती. मी चुलीच्या अलीकडं बसून राखेत घोटलेलं आत्तींनी पलीकडून पाहिलं होतं. त्यांना दिसलं तसंच त्यांनी काढलं. पाय सरळ आणि अक्षरं उलटी. डोळे मिटून ऊब घेत होत्या म्हणे.

"काकू," पारू म्हणाली, "तुमी मला तसलं म्हनलात?"

"वीस वरसं तू मला म्हनतीस. मी एकडाव म्हनलं. फिटलं."

पारूनं खाली पाहिलं. एवढ्या वर्षांत ते कुणी तोंडावर बोललं नव्हतं, आणि बोलल्या त्या आत्तीच. "मी कुठं म्हनती," ती पुटपुटली. "लोकं म्हनत्यात."

आत्तींनी हातातल्या टरफलांनी चिठ्ठ्यांची ओळ दाखवली. "लोकं हितं पडल्यात बघ. इच्यार बाईस्नी, माझं नाव कुनी लिवलंय."

पारूनं चारूबाईंकडं पाहिलं. चारूबाई म्हणाल्या, "एकाही चिठ्ठीत नाही."

त्या खोटं बोलल्या नाहीत. आत्तींचं नाव का नाही, ते मात्र सांगत बसल्या नाहीत.

पारूनं दोन्ही चिठ्ठ्या खाली ठेवल्या. मग तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "दोडक्यावरनं एवढं," ती म्हणाली. "हुमणी लागलीवती वं काकू. उपटला तवाच दिसलं हुतं मला."

"मला बी ठावं हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"तू इच्यारलं का न्हाईस?"

तिनं तांब्या उचलला. ताक विसरली. पायरीवर जाऊन मागं वळली आणि कुणाकडं न बघता म्हणाली, की बुधवारी मंडळी येतील तेव्हा काकूंनी आत बसायचं नाही. म्हातारं माणूस पुढं नसलं की पाहुणे शंका घेतात. पुढं वनिताची हळद लागली तेव्हा पहिलं बोट पारूनं आत्तींना लावायला लावलं. वनिताचा नवरा आता एसटीतनं निवृत्त झालाय आणि मला फोनवर तिकिटाचे दर ऐकवतो.

चारूबाईंचं पुस्तक तीन वर्षांनी आलं. ते मी माझं मीच वाचलं, महिनाभर लागला. त्यात लिहिलं होतं, की एका गावी एकोणीस स्त्रियांपैकी अठरा जणींनी स्वतःचंच नाव लिहिलं. एका चिठ्ठीबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही. आत्तींनी विचारलं, "माझं पाय आल्यात का त्यात?" आले होते. पानाच्या तळाला, बारीक अक्षरात: ते सरळ होते.

पण त्या सकाळचं एक राहिलं. पारू गेल्यावर चारूबाई उठल्या आणि परड्यात म्हशीकडं गेल्या. मला वाटतं मुद्दाम गेल्या. सोप्यात आम्ही दोघीच उरलो.

"आत्ती," मी म्हणाले, "मी ते..."

"तीन दिस राखंत तेच काढत हुतीस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सुनंची शेजारणीवर लई माया दिसतीया."

मला वर बघवेना. त्यांनी कोळसा माझ्यापुढं सरकवला.

"समद्यांनी आपापलं लिवलं. तुझंच ऱ्हायलं."

मी कोळसा घेतला आणि त्यांच्या उलट्या पारूच्या खाली लिहिलं, हौसा. आत्तींनी मान इकडून तिकडं करून पाहिलं.

"काय लिवलंस?"

"माझं नाव."

"सरळ हाय न्हवं?"

"सरळ हाय."

"मग ऱ्हाऊ दे. बुधवारी सारवताना जाईल."

बुधवारी पाहुणे यायच्या आधी सोपा मीच सारवला. पारूचं नाव पहिल्या हातालाच गेलं. माझ्यावरनं दोनदा शेण फिरवावं लागलं. मी कोळसा दाबून लिहिलं होतं.